बसला म्हणजे जुळला नव्हे : ट्रकचे टायर, रिम आणि माणसाचा जीव

आरोग्याच्या सदरात ट्रकच्या टायरचा विषय पाहून काही वाचकांना नवल वाटेल. ताप, खोकला, मधुमेह, रक्तदाब सोडून हे भलतेच काय, असेही कोणी म्हणेल. परंतु रुग्णालयाच्या अपघात विभागात येणारा प्रत्येक माणूस जंतूंमुळे येतो असे नाही. कधी विशी-बाविशीतला एखादा तरुण आणला जातो. जबडा तुटलेला असतो, एक डोळा सुजून बंद झालेला असतो, मनगट चिरडलेले असते. सोबतची माणसे सांगतात, ‘हवा भरताना टायर फुटला.’ केसपेपरवर ‘अपघात’ असा शब्द पडतो आणि विषय तिथेच संपतो.

या ‘अपघात’ शब्दालाच आमची हरकत आहे. अपघात म्हटले की त्यात दैवाचा भाग आला आणि दैवापुढे कोणाचे काय चालणार? पण यांतले कितीतरी प्रसंग दैवाचे नसतात, मापाचे असतात. टायर एका मापाचा, रिम दुसऱ्या मापाची. किंवा रिम एका बनावटीची आणि तिच्यावरची रिंग दुसरीच. दोन्ही एकमेकांवर कशीबशी चढली, ‘बसतंय की’ म्हणून हवा सोडली आणि पुढचा अनर्थ झाला. जे टाळता येते ते न टाळणे हा आरोग्याचाच प्रश्न आहे. म्हणून आजचा हा विषय.

हवा दिसत नाही, पण तिचा जोर दिसतो

घरातल्या प्रेशर कुकरचे उदाहरण घेऊ. कुकरची शिट्टी होते तेव्हा आत दर चौरस इंचाला साधारण १५ पौंड दाब असतो. एवढ्या दाबाच्या कुकरचे झाकण उडाले तर काय होते, हे गृहिणींना सांगायला नको. मालवाहू ट्रकच्या टायरमध्ये हाच दाब १०० पौंडांच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त असतो. म्हणजे कुकरच्या सहा-सातपट. आणि कुकर ओट्यावर मावतो, ट्रकचे चाक माणसाच्या कमरेपर्यंत येते.

आता साधा गुणाकार करू. टायरच्या एका बाजूच्या भिंतीचे आतले क्षेत्रफळ अगदी कमी धरून ६०० चौरस इंच धरले, तरी दर चौरस इंचाला १०० पौंड या हिशेबाने तिच्यावर ६० हजार पौंडांचा, म्हणजे सुमारे २७ टनांचा रेटा पडतो. यातला मोठा हिस्सा टायरच्या कडेमार्फत रिमच्या काठावर आणि रिंगेवर येतो. सारे भाग जागच्या जागी असतील तर हा रेटा निमूटपणे पेलला जातो. एक भाग जरी जागा सोडून असला तर तो सुटेल त्या दिशेने उडतो. तिथे जो वाकून बसलेला असेल त्याच्या हाडामांसाची या जोरापुढे काय कथा?

टायरवरचे आकडे वाचायला शिका

टायरच्या भिंतीवर माप ठसठशीत छापलेले असते. ‘१०.००-२०’ असे लिहिले असेल तर पहिला आकडा टायरची रुंदी इंचांत सांगतो आणि दुसरा रिमचा व्यास. मध्ये आडव्या रेघेऐवजी ‘आर’ हे अक्षर असेल तर तो रेडियल टायर. नव्या ट्यूबलेस टायरवर ‘२९५/८० आर २२.५’ अशी खूण दिसते. त्यात २९५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० हे भिंतीच्या उंचीचे रुंदीशी शेकडा प्रमाण आणि २२.५ हा रिमचा व्यास इंचांत.

रिमवर, म्हणजे आपल्याकडे जिला सर्रास ‘डिस्क’ म्हणतात तिच्यावरही, माप ठोकलेले असते. ८.२५-२० टायरला साधारणपणे साडेसहा इंच रुंदीची रिम लागते, ९.००-२०ला सात इंचांची आणि १०.००-२०ला साडेसात इंचांची. कंपनीच्या तक्त्यात एखाद-दुसरी जवळची रुंदी चालते असे दिलेले असते. तक्ता म्हणेल तेवढेच चालते, मिस्त्री म्हणेल तेवढे नव्हे. व्यासाच्या बाबतीत तर अर्ध्या इंचाचीही सवलत नाही.

अर्ध्या इंचाची गोष्ट

या अर्ध्या इंचाने काय होते याचे ठळक उदाहरण अमेरिकेतले आहे. तिथे हलक्या ट्रक-व्हॅनना एके काळी दोन जवळजवळच्या मापांच्या रिम येत, १६ इंची आणि साडेसोळा इंची. दोन्ही दिसायला सारख्या. १६ इंची टायर साडेसोळा इंची रिमवर चढतोही, कारण एकसंध रिमच्या मधोमध खोलगट घळ असते. टायरची एक बाजू त्या घळीत उतरवली की दुसरी बाजू काठावरून आत जाते. फिटरला वाटते, काम झाले.

खरा घोटाळा पुढे असतो. टायरच्या कडेत पोलादी तारेचे कडे असते. कारागीर या कडेला ‘बीड’ म्हणतात. हवा भरली की ही कड घळीतून वर सरकून रिमच्या बैठकीवर बसायला हवी. पण बैठक अर्ध्या इंचाने मोठी. शिवाय साडेसोळा इंची रिमच्या बैठकीचा उतार १५ अंशांचा आणि १६ इंचीचा ५ अंशांचा. पोलादी तार रबरासारखी ताणत नाही. कड मध्येच अडकते आणि एका बाजूला फट राहते. फिटरला वाटते हवा कमी पडली. तो आणखी हवा सोडतो. शेवटी तार तुटते आणि टायर स्फोटासारखा फुटतो.

टेक्सास राज्यात अशाच प्रसंगात एक कारागीर कायमचा जायबंदी झाला. तो टायर गुडरिच बनावटीचा होता. कंपनीने त्यावर लाल-पिवळ्या रंगात इशाऱ्याचे लेबल लावले होते आणि फुटणाऱ्या टायरने उडून पडणाऱ्या कामगाराचे चित्रही छापले होते. तरीही तो टायर साडेसोळा इंची रिमवर चढला आणि कारागीर त्याच्यावर ओणवा असतानाच फुटला. खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. इशारा दिला होता, त्यापलीकडे आमची जबाबदारी नाही, हा कंपनीचा बचाव. १९९८ साली न्यायालयाने तो मान्य केला नाही. अधिक मजबूत तारेची कड बनवणे शक्य होते, इतर काही कंपन्या तशी कड बनवतही होत्या. अधिक सुरक्षित बनावट हाताशी असताना नुसता इशारा चिकटवून निर्माता मोकळा होत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

हा निकाल आम्हाला मोलाचा वाटतो. इशारा लिहिणाऱ्याने लिहिला, वाचणाऱ्याने वाचला नाही, मेला तर त्याची चूक, असा हिशेब आपणही नेहमी करतो. पण माणूस कधीतरी चुकणार, घाईत असणार, दिवसाच्या शेवटी थकलेला असणार हे धरूनच व्यवस्था उभी करावी लागते. विजेच्या तारेवर ‘हात लावू नका’ अशी पाटी लावून आपण थांबत नाही, तारेवर आवरणही चढवतो.

आपल्याकडे काय चालते

साडेसोळा इंची रिम आपल्या रस्त्यांवर सर्रास दिसत नाही. मात्र बांधकामावर फिरणारी जी लहान लोडर यंत्रे लोक ‘बॉबकॅट’ नावाने ओळखतात, त्यांना १०-१६.५ किंवा १२-१६.५ मापाचे टायर असतात आणि ती यंत्रेही पंक्चरसाठी शेवटी रस्त्याकाठच्या त्याच दुकानात येतात. तिथे शेजारीच टेम्पोचे १६ इंची टायर पडलेले असतात. धोका जवळपासच असतो.

मोठ्या ट्रकची गोष्ट वेगळी आहे. त्यांत दोन पिढ्यांची चाके एकाच वेळी रस्त्यावर आहेत. जुनी २० इंची चाके ट्यूब-फ्लॅपची, रिम दोन-तीन भागांची; नवी साडेबावीस इंची ट्यूबलेस, एकसंध रिमची. जुन्या १०.००-२० टायरची बाहेरची उंची आणि नव्या साडेबावीस इंची टायरची उंची जवळजवळ सारखीच भरते. त्यामुळे ‘उंची तर तेवढीच आहे’ म्हणून मालक फसतो. टायर बदलायचा तर रिमसह अख्खे चाक बदलावे लागते, आणि तेही कंपनीच्या तक्त्याप्रमाणे. जुन्यातले अर्धे आणि नव्यातले अर्धे असा मेळ इथे बसत नाही.

तीन भागांच्या रिमचा धोका आणखी निराळा. मूळ रिम, तिच्यावर बाजूची रिंग आणि त्या रिंगेला धरून ठेवणारे लॉक, असा तो संसार. भंगारातून एकाची रिम, दुसऱ्याचे लॉक आणून जोडणी करणारे महाभाग आहेत. लॉक गंजलेले, वाकलेले, घणाने ठोकून सरळ केलेले असते. दोन वेगळ्या बनावटींचे भाग डोळ्याला एकसारखे दिसतात, पण खाच एका सुताने कमी-जास्त असते. हवा पूर्ण भरेपर्यंत रिंग गप्प बसते. मग कधी दुकानात, कधी चाक उचलून ट्रकला लावताना, तर कधी रस्त्याने जाताना ती उडते. ती कोणाच्या दिशेने उडेल हे आधी सांगता येत नाही.

जोडचाकांचे न जुळणारे बिऱ्हाड

मापाची चूक दुकानात जीव घेते तशी रस्त्यावरही घेते. ट्रकच्या मागच्या आसावर जोडचाके असतात. दोघांनी ओझे सारखे वाटून घ्यायचे, हा त्यांचा करार. एक टायर उंच आणि दुसरा बुटका असेल तर उंच टायर जास्त भार उचलतो आणि तापतो. बुटका रस्त्याशी घासत ओढला जातो. ट्रकच्या मोठ्या टायरमध्ये जोडीच्या व्यासात अर्ध्या इंचाहून जास्त फरक नसावा, असा जाणकारांचा दंडक आहे.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. दोन्ही टायरवर आकडा एकच असला तरी जोडी जुळेलच असे नाही. नव्या टायरच्या नक्षीची खोली दीडेक सेंटीमीटर असते. पूर्ण गोटा झालेल्या टायरशेजारी कोरा टायर बसवला तर व्यासात तीन सेंटीमीटरचा, म्हणजे एका इंचाहून जास्त फरक पडला. कागदावरच्या हिशेबाने लहान टायरला शंभर किलोमीटरमागे जवळपास तीन किलोमीटर घासत जावे लागते. एप्रिल-मेच्या उन्हात, तापलेल्या सिमेंटच्या रस्त्यावर, भरल्या मालानिशी! टायर फुटला की ‘उन्हाने फुटला’ म्हणतात. ऊन निमित्त असते, घासणे आणि ओझे हे खरे कारण.

रुंदीची चूकही अशीच महागात पडते. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला तर तो मध्ये फुगतो, त्याच्या भिंती गरजेपेक्षा जास्त वाकतात आणि तापतात. जोडीतल्या दोन भिंती एकमेकींना चिकटून घासू लागतात, मध्ये दगड अडकतो आणि तो सुटला की मागून येणाऱ्याच्या काचेवर बसतो. रुंद रिमवर अरुंद टायर बसवला तर भिंती ताणल्या जातात आणि कड आपली जागा धरत नाही. रेडियल आणि नायलॉन टायर एकाच आसावर बसवणे हेही असेच. दोघांची चाल वेगळी, वळणावर एक एकीकडे ओढतो आणि दुसरा दुसरीकडे. पुढचा टायर फुटला तर भरला ट्रक क्षणात एका बाजूला खेचला जातो. अशा वेळी चालकाने ब्रेकवर उभे राहू नये. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून वेग हळूहळू उतरू द्यावा.

याच्या जोडीला आपल्याकडचे ओझे. उसाच्या हंगामात कोल्हापूर-सांगलीकडचे रस्ते, कांद्याच्या दिवसांत लासलगावकडचे रस्ते ज्यांनी पाहिले आहेत त्यांना जास्त सांगायला नको. २०१८ साली केंद्र सरकारने चार टायरच्या एका आसावरची भारमर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. कायद्याने ओझे वाढवले तेव्हा टायर-रिमच्या मापाबद्दलची काटेकोरीही वाढायला हवी होती. प्रत्यक्षात ओझे वाढले आणि जोडणी जुनीच राहिली.

शरीराचे काय होते

आता वैद्यकीय बाजू. हवा भरणारा माणूस चाकाशी वाकलेला असतो, म्हणून मार मुख्यतः डोके, चेहरा, डोळे आणि हात यांना बसतो. कवटीला तडा, जबडा व गालाच्या हाडांचे तुकडे, डोळ्याचे बुबूळ फाटणे, हाताची हाडे मोडणे, कातडी सोलून निघणे हे तर डोळ्यांना दिसते. न दिसणारी इजा जास्त फसवी. स्फोटाच्या हवेच्या धक्क्याने कानाचा पडदा फाटतो. फुप्फुसाला मार लागतो. आतड्याला इजा झाली तर पोटाचे दुखणे काही तासांनीही सुरू होऊ शकते. म्हणून ‘बाहेरून खरचटलेसुद्धा नाही’ असा माणूससुद्धा डॉक्टरांना दाखवावा. पुढच्या एक-दोन दिवसांत धाप लागली, छातीत किंवा पोटात दुखले, खोकल्यातून रक्त आले, कानात सतत शिट्टी वाजू लागली तर लगेच रुग्णालय गाठावे.

तोपर्यंत जवळच्यांनी काय करावे? प्रथम कंप्रेसर बंद करून आजूबाजूचा धोका दूर करावा. चेहऱ्याला मार असेल तर रक्त आणि तुटलेले दात घशात जाऊन श्वास कोंडतो, हे सर्वांत आधी पाहावे. तोंडातले दिसणारे रक्त-दात अलगद काढावेत. बेशुद्ध माणसाला डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून चार हातांनी मिळून कुशीवर वळवावे. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. जखमेत रुतलेला पत्रा किंवा तार उपसून काढू नये. जखमी डोळा चोळू नये, धुऊ नये, दाबूही नये. त्याला स्पर्श होणार नाही अशा बेताने वर कागदी पेला पालथा ठेवून चिकटवावा. बोट तुटले असेल तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात टाकू नये. पाणी, चहा काही पाजू नये, कारण शस्त्रक्रिया करावी लागू शकते. हळद, चुना, तंबाखू जखमेवर भरू नये.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून आहे. तिला फोन करताना गावाचे नाव, रस्ता आणि जवळची खूण सांगावी. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याने पोलिसांच्या भीतीने मागे सरू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अशा मदतकर्त्यांच्या रक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच कलम १३४-अ घालून त्यांना संरक्षण दिले आहे.

दुकानात लावण्यासारखे नियम

अमेरिकेत कामगार-सुरक्षा खात्याने १९८० साली अनेक भागांच्या रिमसाठी आणि १९८४ साली एकसंध रिमसाठीही हवा भरण्याचे सक्तीचे नियम केले. त्यांचे सार आपल्या कोणत्याही दुकानाला लागू पडेल असे आहे. ते मराठीत असे :

१. टायरवरचे आणि रिमवरचे माप आधी वाचावे. रिमवरचा आकडा गंजाने पुसला असेल तर ब्रशने घासून वाचावा, तरीही दिसला नाही तर ती रिम वापरू नये.

२. चाक उतरवण्यापूर्वी व्हॉल्व्हची सुई काढून टायरमधली सगळी हवा सोडावी. जोडचाकांत दोन्ही टायरमधली.

३. वाकलेली, तडकलेली, अति गंजलेली रिम, रिंग किंवा लॉक वापरू नये. वेल्डिंग करून किंवा तापवून तर मुळीच वापरू नये.

४. एका बनावटीचे लॉक दुसरीच्या रिमला लावू नये.

५. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवावे. पिंजऱ्यावर रेलू नये, त्यात हात घालू नये.

६. हवेच्या नळीला अडकवता येणारी चिमटी असावी आणि दाबाचा काटा व हवेची चावी चाकापासून दूर असावी, म्हणजे माणसाला बाजूला उभे राहता येईल. टायरच्या समोर कधीही उभे राहू नये.

७. हवा भरलेल्या चाकाच्या रिंगेवर हातोडा मारू नये. रिंग नीट बसली नसेल तर सगळी हवा सोडावी आणि पुन्हा पहिल्यापासून जोडणी करावी.

८. टायर कमी हवेवर बराच वेळ पळला असेल तर तशीच हवा भरू नये. खोलून आतून तपासावा. रेडियल टायरच्या भिंतीतले पोलादी धागे तुटलेले असतात आणि हवा भरताना ती भिंत पँटच्या चेनसारखी एका रेषेत उसवते.

यांतला एकही नियम पंक्चरवाल्याच्या आकलनापलीकडचा नाही. मग अडते कुठे? अडते ते पैशाशी आणि ‘चालतंय की’ या वृत्तीशी.

जबाबदारी कोणाची?

आमचे स्पष्ट मत असे की ही जबाबदारी हवा भरणाऱ्या पोराची सर्वांत शेवटी येते. तो हातावर पोट असलेला, कित्येकदा परप्रांतातून आलेला, टायरवरचे इंग्रजी आकडे वाचू शकला तरी त्यांचा अर्थ कोणी न शिकवलेला. तो म्हणाला, ‘शेठ, हे माप जुळत नाही,’ तर शेठ म्हणणार, ‘बसव रे, समोरच्या गावापर्यंतच जायचंय.’ नाही म्हटले तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाणार. त्याला नाही म्हणण्याची ताकद आपण दिलेली नाही आणि परिणाम मात्र त्याच्या तोंडावर फुटतो.

पहिली जबाबदारी ट्रकमालकाची. चालकाला स्टेपनी देताना ती त्याच मापाची, त्याच जातीची आहे ना, हे मालकाने पाहिलेच पाहिजे. रात्री घाटात चाक बदलण्याची वेळ आली तर चालक जे असेल तेच लावणार. प्रत्येक डिस्कवर तिचे माप पांढऱ्या रंगाने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायला डब्याभर रंगाहून जास्त खर्च येत नाही. ट्रकच्या मागे कवने रंगवायला आपण पेंटर बोलावतो, त्यालाच हे काम सांगावे.

दुसरी जबाबदारी मालवाहतूकदारांच्या संघटनांची आणि टायर विक्रेत्यांची. प्रत्येक छोट्या दुकानाला पिंजरा परवडणार नाही हे मान्य. परंतु ट्रक टर्मिनलवर, बाजार समितीच्या आवारात, साखर कारखान्याच्या वाहनतळावर एकेक सामाईक पिंजरा बसवायला काय हरकत आहे? काही ठिकाणी चाकाला साखळी गुंडाळून हवा भरतात. ती काहीच नसण्यापेक्षा बरी, इतकेच. पिंजराही गावातल्या वेल्डरकडून अंदाजाने सांधलेला नको. टायरमधल्या सर्वाधिक दाबाच्या दीडपट जोर सोसेल असा हवा.

तिसरी जबाबदारी परिवहन खात्याची. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये नियम ९४ टायरच्या स्थितीविषयी आणि नियम ९५ टायरच्या मापाविषयी आहे. ट्रकच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरहून कमी नको, असे नियमच सांगतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाल्यावर अपघात वाढले, तेव्हा २०२३ साली खात्याने टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत फिरवण्याची मोहीम घेतली. ती योग्यच होती. पण नक्षी पाहणारा अधिकारी आणखी अर्धा मिनिट वाकून टायरवरचा आणि रिमवरचा आकडा का पाहू शकत नाही? जोडीतले दोन टायर एका उंचीचे आहेत का, हे तर नुसत्या डोळ्यांनी कळते. पासिंगच्या दिवशी भाड्याने आणलेले चांगले टायर लावायचे आणि संध्याकाळी काढून ठेवायचे, हा खेळ सर्वांना ठाऊक आहे. म्हणून तपासणी रस्त्यावर, अवचित आणि हंगामात व्हायला हवी.

काही जण म्हणतील, गरीब मालकाला नवा टायर आणि नवी रिम परवडत नाही, त्याने काय धंदा बंद करायचा? या प्रश्नात तथ्य आहे आणि तो टाळून चालणार नाही. एका ट्रकच्या हप्त्यावर कुटुंब चालवणाऱ्याला टायरचा खर्च मोठा वाटतोच. त्याला जुना टायर वापरू नका, असे आमचे म्हणणे नाही. चांगल्या सांगाड्यावर नीट रिमोल्ड केलेला, योग्य मापाचा, उंचीने जुळणारा टायर चालतो. भंगारातली रिमही तडा नसेल आणि माप जुळत असेल तर चालते. माप जुळवायला पैसा कमी आणि लक्ष जास्त लागते. उलट न जुळणारी जोडी टायर लवकर खाते, डिझेल जास्त पिते आणि एखाद्या दिवशी माल, ट्रक आणि माणूस तिन्ही घेऊन जाते. तेव्हा होणारा खर्च कोणत्या हप्त्यात बसतो?

वाचकांपैकी सर्वांकडे ट्रक नसेल. पण प्रत्येकाच्या गावाबाहेर, फाट्यावर, पेट्रोल पंपाशेजारी टायरचे एक दुकान असतेच आणि तिथे कोणाचा तरी मुलगा चाकावर ओणवा होऊन हवा भरत असतो. एवढेच करा. हे कात्रण कापून त्या दुकानदाराला द्या. वाचता येत नसेल तर वरचे आठ नियम त्याला वाचून दाखवा आणि हवा भरताना टायरच्या समोरून बाजूला हो, एवढे तरी त्या मुलाला बजावून या.